पिकअपमध्ये किती माल भरायचा? बार्शी लाईट रेल्वे बांधणाऱ्या कॅलथ्रॉपनं याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय

जुन्या मुंबई-पुणे हायवेवर चौकजवळ लोधिवली गाव लागतं. तिथं रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत दहा मिनिटं उभं राहा. एका बाजूला इर्शाळगड दिसतो, मागं माथेरानचा डोंगर, आणि समोरून सुसाट जाणारे पिकअप. कुणात भाजी, कुणात सिमेंट, कुणात लोखंडी पाईप. एखादा पिकअप असा येतो की मागचे पाटे पार सपाट झालेले, मागचा बंपर रस्त्याला टेकायला आलेला आणि पुढची चाकं जरा हलकी, जमिनीला नुसती शिवून चाललेली. तो तसाच पुढं खोपोलीकडं, म्हणजे बोरघाटाकडं जातो.

आपल्याला बघूनच धाकधूक होते. पण त्या गाडीत नेमका किती माल बसतो हे विचारलं, तर दहापैकी नऊ जण हौद्याकडं बघून अंदाज सांगतात. जागा आहे ना, मग भरा. इथंच सगळी गफलत होते. कारण हौद्यात किती जागा आहे आणि गाडी किती वजन पेलते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक ज्याला नीट कळला आणि ज्यानं त्याच्यावर अख्खी रेल्वे उभी केली, तो माणूस आपल्या महाराष्ट्रात काम करून गेलाय. सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या लोकांनी त्याच्या गाडीतून प्रवास केलाय. आणि लोधिवलीतून जो माथेरानचा डोंगर दिसतो, त्याच्यावर चढणाऱ्या झुकझुक गाडीशीही त्याचा संबंध आहे.

त्याचं नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

शेतकऱ्याचा पोरगा, रेल्वेत रमला

कॅलथ्रॉपचा जन्म ३ मार्च १८५७ चा. इंग्लंडमधल्या लिंकनशायर भागातलं शेतकरी कुटुंब. पोराला ओढ मात्र यंत्रांची. शिक्षण झाल्यावर तो इंजिनं बनवणाऱ्या रॉबर्ट स्टीफन्सनच्या कंपनीत शिरला. मग १८७४ मध्ये क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली. १८७९ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेला आणि तिथं डबे बनवण्याच्या खात्यात काम केलं.

डब्यांच्या या कामाचा त्याला पुढं फार उपयोग झाला. रेल्वे म्हटलं की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडं जातं. पण पैसे कमावून देतो तो डबा. डबा स्वतः किती जड आणि त्यात माल किती, हे गणित त्याच्या डोक्यात तिथंच पक्कं बसलं असणार.

१८८२ मध्ये तो भारतात आला. नोकरी होती जीआयपी रेल्वेत, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टरची. जीआयपी म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज. मुंबईहून कर्जतमार्गे बोरघाट चढून पुण्याला आणि पुढं सोलापूरकडं जाणारी लाईन याच कंपनीची.

बार्शीची अडचण काय होती?

त्या काळात बार्शी ही मोठी बाजारपेठ होती. पण जीआयपीची मेन लाईन बार्शीला शिवून जात नव्हती. सगळ्यात जवळचं स्टेशन होतं बार्शी रोड, म्हणजे आपलं आजचं कुर्डुवाडी. मधलं अंतर २१ मैल, साधारण ३४ किलोमीटर. एवढ्यासाठी सगळा माल बैलगाडीनं न्यायचा आणि तिथं पुन्हा उतरवून रेल्वेत भरायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की संपलंच.

मग तिथं रेल्वे का नाही? उत्तर सोपं होतं. परवडत नाही. ब्रॉडगेज लाईन टाकायची तर जाड रूळ हवेत, मोठे पूल हवेत, रुंद भराव हवा. एवढा खर्च एका तालुक्याच्या बाजारपेठेतून भरून निघणार कसा?

कॅलथ्रॉपच्या डोक्यात हाच प्रश्न बसला. मोठ्या लाईनला जोडणाऱ्या स्वस्त, अरुंद फीडर लाईन टाकता येतील असं त्याला वाटत होतं. त्यासाठी १८८७ मध्ये त्यानं लंडनमध्ये एक कंपनीही नोंदवली. पण सरकारी परवानग्या, करार आणि भांडवल जमवण्यात वर्षं गेली. दरम्यान जीआयपीची नोकरी सुटली, तो इंग्लंडला परतला आणि सल्लागार इंजिनिअर म्हणून काम करू लागला. बार्शीचा नाद काही सोडला नाही. शेवटी १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली.

पाच टनांचा नियम

आता नीट लक्ष द्या, कारण पिकअपचं गणित इथंच आहे.

रूळ तुटतो, वाकतो किंवा दबतो तो गाडीच्या एकूण वजनानं नाही. त्याच्यावर एका वेळी एका आसाचा, म्हणजे ॲक्सलचा, किती भार पडतो त्यानं. शंभर टनांची गाडी वीस आसांवर उभी असेल तर प्रत्येक आसावर पाच टन. तीच दहा आसांवर उभी केली तर प्रत्येक आसावर दहा टन. गाडीचं वजन तेवढंच, पण रुळाचा जीव दुसऱ्या वेळी जास्त जातो.

त्या काळच्या बऱ्याच रेल्वेत व्हायचं असं की इंजिनाच्या आसावर भरपूर भार आणि डब्यांच्या आसावर कमी. त्यामुळं रूळ टाकायचे इंजिनाच्या हिशोबानं, जाड आणि महाग. आणि त्या महाग रुळांवरून डबे मात्र हलकेच धावायचे. म्हणजे रुळाची ताकद विकत घेतली, पण अर्धी वापरलीच नाही.

कॅलथ्रॉपनं हे उलटं केलं. त्यानं आधी मर्यादा ठरवली. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडणार नाही. आणि मग प्रत्येक गाडी अशी बनवली की त्या पाच टनांचा पुरेपूर वापर होईल.

रूळ निवडले फक्त ३० पौंड प्रति यार्डचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजमध्ये हेच अंतर १,६७६ मिलिमीटर असतं.

या किरकोळ रुळांवर दमदार इंजिन कसं चालवायचं? तर आस वाढवून. बार्शीची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बनवली. त्यांना ओढणारे चार आस आणि मागं भार पेलायला आणखी दोन. सहा आस गुणिले पाच टन, म्हणजे ३० टनांच्या आतलं इंजिन. ताकद भरपूर, पण रुळाला त्रास नाही.

डब्यांचं गणित तर अजून भारी. चार आसांचा डबा म्हणजे मालासकट जास्तीत जास्त २० टन. समजा डबाच आठ टनांचा असेल तर माल किती? बारा टन. तोच डबा पाच टनांत बनवला तर माल पंधरा टन. रूळ तेच, इंजिन तेच, पण प्रत्येक फेरीला तीन टन जास्त कमाई. म्हणून कॅलथ्रॉपनं डब्यांसाठी जाड लोखंडाऐवजी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी वापरल्या. हलक्या, पण मजबूत.

गाड्या भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं मुद्दाम एक चाचणी मार्ग बांधला आणि त्यावर त्या चालवून दाखवल्या. मग माल जहाजात चढला. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली.

पंढरीची गाडी

पुढचा इतिहास तिकडच्या लोकांना पाठ आहे. १९०६ मध्ये लाईन पंढरपूरला पोचली आणि ती वारकऱ्यांची गाडी झाली. १९११ मध्ये लातूर. १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. वालचंद हिराचंद यांची रेल्वे ठेकेदारी सुरू झाली तीही याच रेल्वेच्या येडशी-तडवळे कामापासून. १९५४ मध्ये सरकारनं ही रेल्वे ताब्यात घेतली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्यानं तिचं ब्रॉडगेज झालं.

ज्या लाईनला परवडत नाही म्हणून कुणी हात लावत नव्हतं, ती मर्यादा पाळून बांधली म्हणून एवढी वर्षं टिकली.

माथेरानची राणी

आता परत आपल्या कर्जत-खालापूरकडं येऊ.

नेरळहून माथेरानला रेल्वे न्यायचं अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी मनावर घेतलं. २२ मार्च १९०७ ला ती सुरू झाली. या लाईनचा सल्लागार इंजिनिअर होता कॅलथ्रॉप.

इथं प्रश्न वेगळा होता. बार्शीला सपाट माळ, इथं उभा डोंगर. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. वळणं तर इतकी तीव्र की साधं इंजिन फिरूच शकणार नाही. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कॉपेलची अशी इंजिनं आणली, ज्यांचे टोकाचे आस वळणानुसार थोडे हलतात.

माथेरानची गाडी आजही छोटीच आहे आणि हळूच जाते. याला मागासलेपणा म्हणू नका. चढाला आणि विशेषतः उताराला जेवढं झेपतं, तेवढंच घेऊन जायचं, हा तिथला हिशोब आहे. घाटात वर चढताना गाडी दमली तर थांबते. उतरताना ब्रेक दमला तर थांबत नाही. लोधिवलीवरून घाटाकडं जाणाऱ्या प्रत्येक पिकअपला हाच नियम लागू आहे.

गाडीवर गाडी

भारतातल्या कामामुळं कॅलथ्रॉपचं नाव झालं. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे झाली, १९०४ मध्ये. अडीच फुटी रूळ, बार्शीसारखाच थाट. तिथं त्यानं एक भन्नाट गोष्ट वापरली. मोठ्या लाईनचा अख्खा मालडबा, चाकांसकट, छोट्या लाईनच्या सपाट गाडीवर चढवायचा आणि तसाच पुढं न्यायचा. त्यामुळं माल उतरवून पुन्हा भरायची कटकट संपली.

पण यात एक मेख आहे. तुम्ही गाडीवर गाडी ठेवता तेव्हा फक्त माल वाहत नाही. वरच्या गाडीचं रिकामं वजनही वाहता. अमेरिका-कॅनडात लोक पिकअपच्या हौद्यात बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबिल घालून डोंगरात जातात, तेव्हा नेमकी हीच चूक होते. दोन स्नोमोबिल हौद्यात बसतात, म्हणून गाडीला पेलतात असं धरलं जातं. त्यांचं पेट्रोल, चढवायची फळी, चिकटलेला ओला बर्फ आणि केबिनमधली चार माणसं कुणी मोजतच नाही. आपल्याकडं बर्फ नाही. पण दोन बुलेट, जनरेटर, पाण्याची टाकी किंवा डीजेचं सामान घालताना आपण हेच करतो.

शेवटी वजनच आडवं आलं

कॅलथ्रॉपच्या आयुष्याचा शेवटचा भाग जरा चटका लावणारा आहे.

१२ जुलै १९१० ला बोर्नमथ इथल्या विमानांच्या कार्यक्रमात चार्ल्स रोल्सचं विमान कोसळलं आणि तो गेला. हा रोल्स म्हणजे रोल्स-रॉईसमधला रोल्स, आणि कॅलथ्रॉपचा मित्र. उंची फार नव्हती, पण वाचायचा काही मार्गच नव्हता. कॅलथ्रॉप पन्नाशी ओलांडलेला रेल्वे इंजिनिअर. तरी त्यानं विमानातून सुरक्षित उडी मारता येईल अशा पॅराशूटवर काम सुरू केलं. १९१३ मध्ये पेटंट घेतलं. पॅराशूटचं नाव ठेवलं गार्डियन एंजल, म्हणजे रक्षण करणारा देवदूत.

१९१७ च्या जानेवारीत कॅप्टन क्लाईव्ह कॉलेटनं ते लावून सुमारे ६०० फुटांवरून उडी मारली आणि सुखरूप उतरला. पॅराशूट चालत होतं. पहिलं महायुद्ध जोरात होतं. ब्रिटिश वैमानिक पेटत्या विमानांत मरत होते. तरीही विमानांच्या वैमानिकांना ते सरसकट दिलं गेलं नाही. कारणं बरीच होती. पॅराशूट हाताशी असलं तर वैमानिक लढायचं सोडून उडी मारतील, ही शंका त्यातलीच. पण एक मोठं कारण होतं वजन आणि जागा. त्या विमानांची ताकद मुळात तोकडी. पॅराशूट घेतलं तर दुसरं काहीतरी काढावं लागणार.

बघा काय योगायोग. ज्यानं आयुष्यभर मर्यादेत राहून जास्तीत जास्त काय नेता येईल हे शोधलं, त्याचंच सगळ्यात मोलाचं काम मर्यादेत बसत नाही म्हणून बाजूला पडलं. वजनाची मर्यादा म्हणजे शेवटी निवड असते. काय न्यायचं आणि काय मागं ठेवायचं. तेव्हा निवडणाऱ्यांनी माणसाचा जीव वाचवणारी वस्तू मागं ठेवली.

युद्धानंतर दुसऱ्या पद्धतीची पॅराशूट पुढं आली आणि गार्डियन एंजल मागं पडलं. कॅलथ्रॉपला अरबी घोड्यांचाही नाद होता, त्यांच्यावर त्यानं पुस्तकही लिहिलं. ३० मार्च १९२७ ला लंडनमध्ये तो गेला. त्याच वर्षी त्याची बार्शी लाईट रेल्वे मिरजेला पोचली.

आता तुमच्या पिकअपचं गणित

कॅलथ्रॉपचा हिशोब तुमच्या गाडीला लावायचा तर आरसी बुक काढा. त्यावर दोन आकडे असतात. अनलेडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. लेडन वेट किंवा जीव्हीडब्ल्यू म्हणजे सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे पेलोड.

समजा लेडन ३,००० किलो आणि अनलेडन १,७०० किलो. पेलोड झाला १,३०० किलो. पण हा सगळा माल नाही. रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. ड्रायव्हर ७० किलो, सोबतचा ६५ किलो, नंतर बसवलेला लोखंडी सांगाडा आणि ताडपत्री १०० किलो. गेले २३५. मालासाठी उरले १,०६५ किलो.

दुसरी गोष्ट, माल कुठं ठेवला. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मागं जास्त भरलं की गाडी उलाळते आणि जू वर उचललं जातं. पुढं जास्त भरलं की गाडी धुरजड होते. पिकअपही तशीच उलाळते. मागच्या आसाच्या पलीकडं जड माल लटकला की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळणावर गाडी ऐकत नाही. म्हणजे एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस ओव्हरलोड असू शकतो. जड वस्तू खाली, केबिनच्या बाजूला आणि घट्ट बांधून ठेवायची, ती यासाठी.

तिसरी गोष्ट घाट. वजन दीडपट झालं की तोच उतार त्याच वेगानं उतरताना ब्रेकला दीडपट उष्णता झेलावी लागते. ब्रेक तापले की पकड सुटते. म्हणून खालच्या गिअरमध्ये, सावकाश.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रकच्या आसांची भारमर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं. पण ज्या पिकअपच्या आरसीवर ३,००० लिहिलंय, ती ३,००० चीच राहते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागं २,००० रुपये. जादा माल तिथंच उतरवायचा खर्च वेगळा.

हा दंड बऱ्याचदा ड्रायव्हर किंवा गाडीमालक भरतो. एका फेरीत सगळं बसव म्हणणारा माल पाठवणारा आपल्या गोदामात असतो. ब्रेक गेला तर घाटातही ड्रायव्हरच असतो. म्हणून माल भरून झाला की हौद्याकडं बघून अंदाज बांधू नका. वजनकाट्यावर गाडी चढवा आणि पावती घ्या. पुढच्या वेळी कुणी अजून चार गोण्या टाक म्हटलं, तर ती पावती दाखवता येते.

कॅलथ्रॉपनं पाच टन म्हटल्यावर पाचच धरले. त्याच्या इंजिनालाही त्यात सूट नव्हती.